घरी बांधलेल्या स्पोर्ट्स गाडीचे वॉर्निंग लाइट: कुठला दिवा कसा जोडायचा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात घरच्या शेडमध्ये लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीवर दोन सीटची उघडी गाडी बांधली आहे. चौकोनी पाइपची चासी, फायबरची बॉडी, दोन एमएम अॅल्युमिनियम पत्र्याचा सपाट डॅशबोर्ड, मारुती सुझुकी जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स. डायनॅमो मात्र भंगारातून वेगळा आणलेला, मागे बी प्लस (बॅटरीकडे जाणारं) आणि डी प्लस (चार्जिंगच्या दिव्याचं) अशी दोनच टोकं असलेला. डॅशबोर्डवर पॅनेल बोर्डचे आठ एलईडी दिवे बसवले आणि चार तक्रारी आल्या. चार्जिंगचा दिवा इंजिन सुरू झाल्यावरही पेटलेलाच राहतो, चांगली रेस दिली की मगच विझतो. इंडिकेटरसाठी मधोमध एकच हिरवा दिवा आहे. तो डावीकडे लुकलुकतो, उजवीकडे ढिम्म. ऑइलचा दिवा सेल्फ मारताना मंद होतो. आणि दुपारच्या उन्हात कुठलाच दिवा दिसत नाही.

एलईडी खराब नाहीत आणि वायरिंगही फारसं चुकलेलं नाही. आठही दिवे एकाच जातीचे समजून जोडलेत, एवढीच गोम आहे. वॉर्निंग लाइट हा नुसता दिवा नसतो; ज्या वस्तूवर तो नजर ठेवतो तिच्या सर्किटचा तो भाग असतो. म्हणून आधी कागदावर आठ ओळी काढा आणि प्रत्येक दिव्यापुढे एकच गोष्ट लिहा: याला चालू-बंद कोण करतं, प्लस की अर्थ (म्हणजे अर्थिंग, बॅटरीची मायनस बाजू)?

ऑइल प्रेशर, हँडब्रेक, ब्रेक ऑइलची पातळी, तापमान, पेट्रोल कमी, चेक इंजिन हे सगळे अर्थ बाजूने चालू होतात. यांना चावीनंतरचा प्लस कायम मिळतो आणि पलीकडचा स्विच, सेन्सर किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दुसरं टोक अर्थला लावतो. चार्जिंगचा दिवाही याच गटात धरा, फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला डायनॅमो असतो. इंडिकेटर आणि अप्पर (हेडलाइटची हाय बीम) मात्र प्लस बाजूने चालतात: एक टोक कायम अर्थला, दुसऱ्या टोकाला अप्परच्या किंवा इंडिकेटरच्या वायरीतून प्लस येतो. काही जपानी वायरिंगमध्ये हेडलाइटचा स्विच अर्थ बाजूला असतो, तिथे अप्परच्या दिव्याची जोडणी उलटी होते. म्हणून जुन्या गाडीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) वापरत असाल तर वायरीच्या रंगावर विसंबू नका, अप्पर देऊन मल्टीमीटर लावून बघा.

डॅशबोर्डच्या मागे त्यामुळे दोन सामाईक पट्ट्या लागतात. पहिली प्लसची, ५ अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून, दुसरी अर्थची. प्लस चावीच्या इग्निशन टोकावरून घ्या, अॅक्सेसरीच्या टोकावरून नको. सेल्फ मारताना अॅक्सेसरीचं टोक मरतं, आणि नेमके तेच चार सेकंद ऑइल आणि चार्जिंगच्या दिव्याकडे बघायचे असतात. अर्थची पट्टी वेगळ्या वायरीने थेट चासीच्या मुख्य अर्थ बोल्टवर न्या. फायबर बॉडीत दुसरा मार्गच नाही, आणि डॅशबोर्डचा पत्रा बॉडीला स्क्रूने धरलेला असला तरी तो अर्थ होत नाही.

इथेच आणखी एक अडचण येते. गाड्यांसाठी मिळणाऱ्या काही छोट्या दिव्यांचं एक टोक त्यांच्या धातूच्या अंगालाच जोडलेलं असतं. असा दिवा अॅल्युमिनियमच्या डॅशबोर्डमध्ये बसवला आणि डॅशबोर्ड कुठूनही अर्थ झाला, की ऑइलचा दिवा इंजिन चालू असतानाही विझत नाही. माणूस मग ऑइल पंप उघडायला निघतो. विकत घेतानाच मीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोकं अंगाशी तपासा. अंगाशी जोडलेले दिवे फक्त इंडिकेटर आणि अप्परला चालतात.

चार्जिंगचा दिवा

यावर जास्त लिहितो, कारण पहिली तक्रार याचीच आहे आणि चुकलं तर बॅटरी रस्त्यात उतरते.

डी प्लस टोक असलेल्या डायनॅमोला सुरुवातीला रोटरमध्ये (आतल्या फिरत्या कॉइलमध्ये) चुंबकत्व तयार करायला बाहेरून थोडा करंट लागतो. हा करंट चार्जिंगच्या दिव्यातूनच जातो. चावी दिली की प्लस दिव्यातून डी प्लसवर, तिथून रोटरमध्ये आणि रेग्युलेटरमधून अर्थला. म्हणून दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन डायनॅमो उठला की डी प्लसवरही साधारण १४ व्होल्ट येतात, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट होतात आणि तो विझतो. जुन्या गाड्यांत इथे ३ वॅटचा बल्ब असे, म्हणजे सुमारे २५० मिलीअँपिअर. पॅनेलचा एलईडी घेतो २० मिलीअँपिअरच्या आसपास. इतक्याशा करंटने रोटर जागा होत नाही. रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर डायनॅमो कसाबसा उठतो, तेव्हा दिवा विझतो. तुमच्या गाडीत नेमकं हेच चाललंय. डायनॅमो बदलू नका.

उपाय दोन आहेत. सरळ उपाय म्हणजे या एका जागी एलईडी काढून टी-१० होल्डरमध्ये १२ व्होल्ट ३ वॅटचा काचेचा बल्ब लावा. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर जोडा. त्यातून दोनशे ते अडीचशे मिलीअँपिअर जातात, काम भागतं. बल्ब लावला तरी हा रेझिस्टर जोडलेला बरा, म्हणजे बल्ब उडाला तरी चार्जिंग थांबत नाही. बल्ब असताना ६८ ओहम पुरतो. चावी नुसती देऊन ठेवली तर रेझिस्टर बोट टेकवता येणार नाही इतका तापतो, म्हणून तो हार्नेसमध्ये टेप गुंडाळून कोंबू नका. दोन टोकांची छोटी टॅग पट्टी डॅशबोर्डच्या मागे लावा आणि वायरींपासून दोन सेंटीमीटर मोकळा ठेवा.

रेझिस्टर जोडला की नवा त्रास येऊ शकतो. चावी बंद केली तरी फिरत्या डायनॅमोचे १४ व्होल्ट डी प्लसवरून उलटे रेझिस्टरमधून प्लसच्या पट्टीवर येतात आणि इग्निशन जिवंत राहतं. इंजिन बंद व्हायला दोन-तीन सेकंद घेतं किंवा बंदच होत नाही. एलईडी एकटा असताना तो उलटा करंट अडवत होता, रेझिस्टर अडवत नाही. म्हणून डी प्लसच्या वायरीत १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, पांढऱ्या पट्टीचं टोक डायनॅमोकडे. दिवा आणि रेझिस्टर यांचं सामाईक टोक जिथे होतं त्याच्या पुढे, म्हणजे दोघांचा करंट डायोडमधूनच जाईल.

पुढेमागे जिप्सीचा मूळ डायनॅमो बसवलात तर त्याच्या कपलरवर आयजी आणि एल अशी टोकं असतात. रेग्युलेटरला प्लस आयजीवरून मिळतो आणि एल फक्त दिव्याला अर्थ देतो, त्यामुळे तिथे एलईडी चालतो. एलवर दिवा न लावता थेट प्लस कधीही देऊ नका. आतला ट्रान्झिस्टर ते टोक अर्थला ओढतो आणि मध्ये दिवा नसेल तर तो जळतो, मग रेग्युलेटर बदलावा लागतो.

जोडणी झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट. दिवा विझला पण मीटर १२.४ दाखवतोय, तर दिव्यावर विश्वास ठेवू नका. बी प्लसची वायर सैल असेल किंवा डायनॅमोचा पट्टा ढिला असेल.

इंडिकेटर

डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये एक बल्ब लावायची पद्धत जुन्या गाड्यांत होती. डावीकडे प्लस आला की करंट बल्बमधून जाऊन उजवीकडच्या विझलेल्या बल्बांच्या तारेतून अर्थला पोचतो, उजवीकडे आला की उलट. बल्बला दिशा नसते. एलईडीला असते, म्हणून तुमचा दिवा एकाच बाजूने लुकलुकतो. बाहेरचे इंडिकेटरही एलईडी केले असते तर तो कुठल्याच बाजूने नीट चालला नसता.

दिवा एकच ठेवायचा असेल तर दोन १एन४००७ घ्या. एक डाव्या वायरीतून, दुसरा उजव्या वायरीतून, दोघांच्या पांढऱ्या पट्ट्या एकत्र करून एलईडीच्या प्लसला, आणि एलईडीचं मायनस अर्थला. डायोड विसरून दोन्ही वायरी एकत्र जोडल्या तर कुठलाही इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतील. माझं मत दोन वेगळे हिरवे दिवे लावा असंच आहे. उघड्या गाडीत वाऱ्याच्या आवाजात फ्लॅशरची (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीची) टिकटिक ऐकू येत नाही आणि स्टिअरिंग जलद असल्याने स्विच आपोआप मागे येईलच असं नाही. कुठल्या बाजूचा राहिलाय ते दिसलेलं बरं. वेग मिनिटाला ६० ते १२० लुकलुक यात असावा. एका बाजूला खूप जलद होत असेल तर त्या बाजूचा २१ वॅटचा बल्ब उडालाय किंवा त्याची अर्थ गेलीय. दोन्ही बाजूंना जलद असेल तर एलईडीच्या कमी लोडमुळे जुना फ्लॅशर फसतोय, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा.

ऑइल

ऑइल प्रेशरचा स्विच बंद इंजिनात जोडलेला असतो आणि साधारण ०.३ ते ०.५ बार दाब आला की उघडतो. त्याला एकच टोक असतं, अर्थ त्याला आपल्या आट्यांमधून इंजिन ब्लॉकची मिळते. इंजिन रबरी माउंटिंगवर, चासी पावडर कोटिंग केलेली, बॉडी फायबरची. मग ब्लॉकला अर्थ कुठून? तुमच्याकडे बहुधा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून आणि गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टमधून मिळतेय. सेल्फ मारला की शंभरावर अँपिअर त्याच वाटेने परत जायला बघतात, ब्लॉकवर दोन-तीन व्होल्ट चढतात आणि दिवा मंद होतो. सेल्फही जड फिरत असणार. अशी गाडी तशीच वापरली तर एक दिवस अॅक्सिलरेटरची केबल आवरणात चिकटते, आणि तो प्रसंग जिवावर बेततो. बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी करा.

२५ चौरस एमएमची लवचिक केबल, दोन्ही टोकांना तांब्याचे थिंबल नीट दाबून, एक टोक गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसच्या चासीवरच्या बोल्टवरच. तिथली पावडर कोटिंग रुपयाच्या नाण्याएवढी घासून चकचकीत पोलाद दिसू द्या, दातेरी वॉशर टाका, आवळा आणि मग वरून रंग लावा. आधी रंग लावून आवळू नका. तपासणी अशी: मीटरचं एक टोक ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड अजून कच्चा आहे.

स्विचच्या आट्यांकडे लक्ष द्या. सुझुकीचा स्विच १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) टेपर, म्हणजे निमुळत्या, आट्यांचा असतो, इंचाला २८ आटे. बाजारात मिळणारे बरेच गेज सेंडर (काट्याच्या गेजला दाब कळवणारे सेन्सर) १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे, असतात, इंचाला २७. दोन-तीन आटे हाताने गोड जातात आणि मग अडकतात; तिथे पाना लावला की अॅल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं. हाताने चारेक आटे गेले नाहीत तर थांबा. टेफ्लॉन टेपचे चार वेढे मारले तर अर्थही तुटते, त्यापेक्षा टोकाचे दोन आटे सोडून द्रव सीलंटचा एक थेंब पुरे. गेज आणि दिवा दोन्ही हवे असतील तर ब्लॉकवर पितळी टी लावून त्याला जड सेंडर लटकवू नका. कंपनांनी पितळ मानेत तुटतं आणि काही मिनिटांत ऑइल चेंबर रिकामा होतो. ब्लॉकवरून वेणीचा होज काढून टी चासीवर पट्टीने धरा.

मूळ स्विचचा दिवा ०.३ बारला पेटतो तेव्हा बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. हलकी, बसकी गाडी वळणात जोरात घातली की ऑइल चेंबरच्या एका बाजूला ऑइल सरकतं आणि पंप क्षणभर हवा ओढतो. म्हणून ट्रॅकवर चालवणार असाल तर १.४ बारला चालणारा दुसरा स्विच आणि त्याला वेगळा, मोठा, झगझगीत लाल दिवा लावा. तापलेल्या इंजिनात आयडलला तो मिणमिणला तर घाबरायचं नाही. वळणात चमकला तर मात्र चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घालायच्या, तोवर वेग आवरायचा.

बाकीचे

हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणातला फ्लोट स्विच समांतर जोडून एकच लाल दिवा पुरतो. हँडब्रेक ओढल्यावर दिवा पेटतो, म्हणजे दिवा आणि प्लस ठीक, पण फ्लोटची वायर तुटलेली असू शकते. महिन्यातून एकदा झाकणाच्या मधला रबर दाबा किंवा झाकण उचलून फ्लोट खाली सोडा, हँडब्रेक सोडलेला असताना.

पेट्रोल कमी असल्याचा दिवा मूळ टाकीच्या थर्मिस्टरवर (तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरवर) चालवायचा असेल तर तिथे एलईडी लावू नका. पेट्रोलमध्ये बुडालेला थर्मिस्टर थंड राहतो आणि त्याचा रोध जास्त असतो. उघडा पडला की स्वतःच्या करंटने तापतो, रोध उतरतो, दिवा पेटतो. हे तापणं बल्बमधून येणाऱ्या करंटवरच अवलंबून आहे. एलईडीच्या करंटने तो तापतच नाही, उलट एलईडी सतत अर्धवट जळत राहतो. मूळ गाडीच्या मीटरमध्ये जितक्या वॅटचा बल्ब होता तितक्याचाच लावा. आणि घरी वळवलेल्या अॅल्युमिनियम टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर हा दिवा प्रत्येक वळणावर पेटेल. दोष टाकीचा, वायरिंगचा नव्हे.

तापमानाच्या दिव्याची मर्यादा ओळखून असा. १०५ अंशाचा स्विच थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमध्ये असतो. होज फुटून पाणी निघून गेलं तर तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि पेटायला उशीर करतो, इंजिन तोवर जाम. दिव्याबरोबर काट्याचं गेज हवंच. काटा एकदम खाली पडला तरी तो धोक्याचाच इशारा समजा.

चेक इंजिनचा दिवा ईसीएम अर्थला ओढतो. एक छोटा बल्ब किंवा एलईडी चालतो, त्यावर बझर वगैरे लटकवू नका आणि त्या वायरीला बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, मीटरच वापरा. चावी दिली की पेटला पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे.

उन्हात दिसणं

पॅनेल बोर्डच्या सामानाच्या दुकानात २२.५ एमएमचे दिवे २३० आणि २४ व्होल्टचे सर्रास मिळतात, १२ चे मागून घ्यावे लागतात. तुमच्या दिव्यांच्या मागची पट्टी वाचा. २४ लिहिलं असेल तर १२ वर ते असेच मरगळलेले दिसणार. नवे घेताना १२ व्होल्टचे, डोळ्याच्या रेषेत प्रकाश फेकणारे घ्या. पसरट, दुधी भिंगाचा दिवा बंद गाडीत सुरेख दिसतो, उघड्या गाडीत ऊन पडलं की पेटलेला आणि विझलेला सारखाच.

त्यापेक्षा ५ एमएमचे सुटे झगझगीत एलईडी वापरले तर हातात जास्त राहतं. लाल आणि पिवळ्याला १ किलोओहम पाव वॅटचा रेझिस्टर. १४.४ मधून एलईडीचे २ व्होल्ट गेले, उरलेल्या १२.४ वर सुमारे १२ मिलीअँपिअर मिळतात. निळ्याला ४.७ किलोओहम घाला, नाहीतर रात्री अप्पर दिला की तो एकटा दिवा डोळ्यात घुसतो. हिरव्याला २.२ पासून सुरू करा. प्रत्येक एलईडीच्या मालिकेत एक १एन४००७ टाका. एलईडी उलट दिशेला पाचेक व्होल्टच सहन करतो आणि हॉर्न किंवा फॅन बंद होताना वायरिंगमध्ये त्याहून मोठे झटके येतात.

आता सावली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून १६ एमएम काळ्या नायलॉनच्या दांड्याच्या टोप्या करून घ्या: लांबी १८, मागून ५ एमएमचं भोक एलईडीपुरतं, पुढून १० एमएम भोक १२ खोल. एलईडी तळाशी बसतो आणि वरून येणारं ऊन काठावरच अडतं. आतला भाग गुळगुळीत करू देऊ नका. टूलच्या बारीक रेघा राहिल्या की प्रकाश आत उडत नाही. खरी कसोटी संध्याकाळी लागते, गाडीचं तोंड पूर्वेला आणि मावळतीचं ऊन खांद्यावरून थेट डॅशबोर्डवर. तेव्हा ऑइलचा दिवा दिसला तर बाकीची चिंता नाही.

जागा ठरवताना सीटवर बसा, स्टिअरिंग सरळ धरा, मित्राला पेन्सिलने खूण करायला सांगा. ऑइल, चार्जिंग आणि ब्रेक हे तीन लाल दिवे चाकाच्या वरच्या अर्ध्या फटीतून दिसलेच पाहिजेत. इंडिकेटर कडेला गेले तरी चालतात. रंगांत कलाकारी नको: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे बघा, हिरवा इंडिकेटर, निळा अप्पर. ऊस हंगामात रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या चाललेल्या असतात, माणूस अप्पर देतो आणि समोरून गाडी आली की विसरतो. निळा दिवा त्यासाठी.

भोकं पाडताना पत्र्यावर मास्किंग टेप, मागे लाकडाचा ठोकळा, आधी ३ एमएमचं भोक, मग स्टेप ड्रिल, आणि टोकावर रॉकेलचा थेंब. अॅल्युमिनियम टूलला चिकटत नाही. फायबरच्या डॅशबोर्डला होल सॉ आधी उलटा फिरवून जेलकोट (वरचा चकचकीत थर) कापून घ्या, मग सुलटा.

वायर आणि पावसाळा

०.५ चौरस एमएमची बारीक तारांची ऑटो वायर साधारण २५ मीटर लागेल. घरच्या वायरिंगची एकतारी वायर कंपनांनी टोकाला तुटते. टोकं क्रिम्प करा (दाबून बसवा), सोल्डर करू नका. सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर मोडते. पॅनेलवाले वापरतात ते आकड्यांचे फेरूल (वायरीवर चढवायच्या आकडे छापलेल्या छोट्या नळ्या) दोन्ही टोकांना घाला आणि तेच आकडे कागदावर लिहून ठेवा. संपूर्ण डॅशबोर्ड बारा टोकांच्या एका कपलरवर आणा आणि वीस सेंटीमीटर वायर मोकळी सोडा, म्हणजे चार स्क्रू काढले की डॅशबोर्ड मांडीवर घेता येतो.

जून ते सप्टेंबर इकडचा पाऊस उघड्या गाडीला सोडत नाही. कपलरचं तोंड खाली ठेवा, वायर खालून वळून वर येऊ द्या म्हणजे थेंब वळणावरून गळून पडेल, आणि टोकांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. ओल धरलेल्या स्विचमधून गळणारा मिलीअँपिअरभर करंट एलईडीला मिणमिणायला पुरतो. बल्बला तो कळतही नाही. पावसाळ्यात एखादा एलईडी विझूनही अंधारात काजव्यासारखा दिसत असेल तर त्याला समांतर १ किलोओहम अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. पण आधी स्विच कोरडा करून बघा, विशेषतः ब्रेक ऑइलच्या झाकणाचा.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा. चार्जिंगला साधा बल्ब आहे, डायोड नाही, आणि इंजिन चालू असताना चार्जिंगचा आणि आणखी एखादा दिवा दोन्ही अर्धवट पेटतात. अशा वेळी माणसं डायनॅमो उतरवतात. बहुतेकदा दिव्यांच्या प्लसचा फ्यूज उडालेला असतो. डी प्लसचे १४ व्होल्ट चार्जिंगच्या बल्बमधून उलटे पट्टीवर येऊन दुसऱ्या दिव्यातून अर्थ शोधतात. पाच रुपयांचा फ्यूज आधी बघा.

शेवटची तपासणी इंजिन गार असताना. हँडब्रेक ओढा, चावी द्या: ऑइल, चार्जिंग, ब्रेक, चेक इंजिन हे चार पेटलेले दिसले पाहिजेत, तापमान विझलेला. जो पेटला नाही त्याची स्विचकडची वायर काढून थेट बॅटरीच्या मायनसला टेकवा. पेटला तर दोष स्विचचा किंवा ब्लॉकच्या अर्थचा, नाही पेटला तर दिव्याचा किंवा वायरीचा. चार्जिंगची वायर अशी टेकवताना ती डी प्लसवरून काढलेली आहे याची खात्री करा. सेल्फ मारा, ऑइल आणि चार्जिंग दोन-तीन सेकंदांत विझले पाहिजेत. ऑइलचा पाच सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद, मग कारण शोधा. त्यानंतर चावी बंद करून इंजिन त्याच क्षणी थांबतं का ते बघा, डायोडची दिशा तिथे कळते.

ही सगळी चाचणी खासगी जागेत किंवा ट्रॅकवर करा. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, म्हणून रस्त्यावर उतरवण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. तोवर ब्लॉकची अर्थ केबल तेवढी आजच टाका, सेल्फ त्यानंतरच मारा.